रबरी चाकाच्या टर्नटेबलला आर्म कोणता?

चोरबाजारात गॅरार्ड 301 किंवा लेन्को एल75 असं जुनं टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) मिळालं, तर आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचा, विचार करण्याआधी आतलं रबरी आयडलर चाक तपासा; मोटरची गती तबकडीला तेच देतं. ते कडक झालं असेल किंवा त्यावर खळगा पडला असेल, तर घरघर येणारच. महागडा आर्म ती लपवत नाही. लेन्कोच्या मूळ आर्ममधल्या रबरी ठोकळ्यांचा बहुधा भुगा झालेला असतो. ते बदला, आर्म छान चालतो.

नवा आर्म घेताना आधी कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाला बसणारा सुईचा भाग, ठरवा. डेनॉन डीएल-103सारख्या ताठ (सुई कमी लवचीक असलेल्या) कार्ट्रिजला जड आर्मच हवा. आर्म आणि कार्ट्रिज मिळून होणारा अनुनाद (आपोआप थरथरण्याची वारंवारता) 8 ते 12 हर्ट्झच्या आसपास बसला पाहिजे.

चाळीतल्या लाकडी जमिनीवर पावलागणिक सुई उडते. तिथे टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावर नकोच. विटांच्या भिंतीत पक्की फळी ठोका, पार्टिशनवर नाही. प्लिंथ, म्हणजे टर्नटेबलची बैठक, मात्र जड हवा; मी मरीन प्लायचे थर चिकटवून घेतो.