डोपिंगची नोटीस आल्यावर: दोष कसा ठरतो आणि बंदी किती लागते

उत्तेजक द्रव्य चाचणीत नमुना दोषी निघाल्याचे पत्र घरी आले की "पोराने खरेच घेतले का?" हाच प्रश्न आधी विचारला जातो, आणि घर, तालीम व गाव त्यावरच भांडत बसते. नियमांच्या लेखी हा प्रश्न नंतरचा आहे. बंदी असलेले द्रव्य शरीरात सापडले, एवढ्यानेच उल्लंघन सिद्ध होते. ते जाणूनबुजून घेतले की नकळत पोटात गेले याचा विचार शिक्षा ठरवताना होतो, आणि त्याचा लाभ बहुतेक वेळा ते कोणत्या वाटेने आले हे पुराव्यानिशी दाखवणाऱ्यालाच मिळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातील खेळाडू, त्यांचे पालक आणि वस्ताद यांनी हे एक सूत्र लक्षात ठेवले, तर पुढची सगळी प्रक्रिया समजायला सोपी जाते.

नियम कोणाला लागतात

जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेची, म्हणजे वाडाची, संहिता भारतात राबवण्याचे काम राष्ट्रीय संस्था नाडा करते, आणि तिला २०२२ च्या केंद्रीय कायद्याचा आधार आहे. त्यामुळे आपल्याकडच्या सीमाभागातील नेहमीचा गोंधळ येथे उद्भवत नाही. मुलगा कर्नाटकाकडून खेळतो, सराव कोल्हापूरच्या तालमीत करतो आणि रेशनकार्ड खानापूर तालुक्यातील गावाचे आहे, तरी नियम, संस्था आणि सुनावणी करणारे पॅनेल एकच. मान्यताप्राप्त संघटनेचा सदस्य असलेला किंवा तिच्या स्पर्धेत उतरणारा प्रत्येक खेळाडू या नियमांखाली येतो, मग तो जिल्हास्तरावरचा का असेना. गावच्या जत्रेच्या मैदानात नमुना घ्यायला सहसा कोणी येत नाही हे खरे. पण नमुना स्पर्धेबाहेरही, पूर्वसूचनेशिवाय घेता येतो, आणि जत्रेच्या हंगामात घेतलेले इंजेक्शन पुढच्या राज्य स्पर्धेपर्यंत शरीरात मागे राहू शकते.

पत्ता मात्र सीमाभागात खरोखर अडचणीचा ठरतो. नाडाची पत्रे नमुन्याच्या वेळी दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर जातात. मुलगा तालमीत आणि पत्र गावच्या घरी, असे झाले की उत्तराची मुदत चालू होते आणि मुलाला त्याचा पत्ताही नसतो. झेरॉक्सच्या दुकानदाराने काढून दिलेला, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसलेला ईमेल अर्जावर लिहू नये. रोज उघडला जाणारा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा.

नमुना देताना

पुढे सुनावणीत ज्या कागदावर सर्वाधिक प्रश्न विचारले जातात तो कागद याच वेळी भरला जातो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. लघवीचा नमुना किमान ९० मिलिलिटर असावा लागतो आणि तो अ व ब अशा दोन बाटल्यांत विभागून सीलबंद केला जातो. किट खेळाडूने स्वतः निवडायचे असते, बाटल्यांवरील आणि अर्जावरील क्रमांक जुळतात का हे स्वतः पाहायचे असते. सोबत आपला एक प्रतिनिधी नेता येतो. अल्पवयीन मुलाबरोबर तर कोणीतरी मोठे माणूस असलेच पाहिजे, आणि त्याला इंग्रजी वाचता येत असेल तर उत्तम, कारण अर्ज इंग्रजीत असतो.

त्या अर्जात गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरक आहार लिहिण्याची जागा असते. इंग्रजीच्या भीतीने अनेक मुले ती कोरी सोडतात. खोकल्याचे औषध, दम्याचा पंप, प्रोटीनचा डबा, आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन, सगळे लिहावे. लिहिल्याने दोष पुसला जात नाही. पण नंतर "औषधातून आले" असे सांगणाऱ्या खेळाडूच्या अर्जात त्या औषधाचा उल्लेख नसेल, तर त्याच्या सांगण्याला वजन उरत नाही.

प्रक्रियेबद्दल हरकत असेल तर ती अर्जाच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहावी आणि नमुना द्यावा. नकार हे स्वतंत्र उल्लंघन आहे आणि त्याची मूळ शिक्षा चार वर्षांची आहे. कुस्तीगीर बजरंग पुनियाने मार्च २०२४ मध्ये सोनीपतच्या निवड चाचणीवेळी नमुना दिला नाही. पूर्वी आपल्याकडे मुदत संपलेली किट पाठवली गेली, त्याचे उत्तर आधी द्या, अशी त्याची भूमिका होती. पॅनेलने ती ग्राह्य धरली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी घातली. तक्रार खरी की खोटी, याने नकाराचे स्वरूप बदलत नाही.

नोटीस आल्यानंतरचे दिवस

प्रयोगशाळेत अ नमुना दोषी आढळला की नाडा प्रथम दोन गोष्टी तपासते: खेळाडूकडे त्या औषधाची वैद्यकीय सवलत, म्हणजे उपचारासाठी ते घेण्याची परवानगी, होती का, आणि नमुना घेताना किंवा तपासताना परिणाम बदलेल अशी चूक झाली का. तसे काही नसेल तर नोटीस निघते. द्रव्य गंभीर गटातील, म्हणजे स्टेरॉइडसारखे, असेल तर तात्पुरते निलंबन आपोआप लागते. ते मुकाट्याने पाळावे. त्या काळात एखादे मैदान मारायला जाऊ नये. पाळलेले निलंबन अंतिम बंदीतून वजा होते. मोडले तर ती वजावट हातची जाते.

ब नमुना तपासून घेण्याचा हक्क आहे आणि बाटली उघडताना खेळाडूला किंवा त्याच्या प्रतिनिधीला प्रयोगशाळेत हजर राहता येते. ब मध्ये ते द्रव्य मिळाले नाही तर अ चा निष्कर्षही टिकत नाही. माझ्या मते, सील किंवा क्रमांकाबद्दल ठोस शंका नसेल तर निव्वळ आशेवर या तपासणीत पैसा आणि वेळ घालवण्यापेक्षा स्रोत शोधण्याकडे लक्ष द्यावे. पत्रातील मुदत कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.

त्यानंतर आरोपपत्र येते. चार किंवा अधिक वर्षांची बंदी प्रस्तावित असेल आणि खेळाडूने आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांच्या आत उल्लंघन आणि प्रस्तावित बंदी दोन्ही मान्य केली, तर एक वर्ष कमी होते. ज्याने खरोखर घेतले आहे त्याच्यासाठी हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, आणि तो नेमका गावच्या "काहीही कबूल करू नको" या सल्ल्यामुळे हुकतो.

सुनावणीत काय तोलले जाते

प्रकरण शिस्तभंग पॅनेलपुढे जाते. त्यात कायद्याचे जाणकार, डॉक्टर आणि माजी खेळाडू असतात, आणि एक प्रकरण त्यांच्यापैकी तिघे ऐकतात. उल्लंघन सिद्ध करण्याची जबाबदारी नाडाची असते. त्यासाठी फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, पण दिवाणी दाव्यापेक्षा अधिक लागतो. खेळाडूला आपली बाजू "असे घडले असण्याची शक्यता अधिक आहे" इतक्या पातळीपर्यंत न्यायची असते. ही पातळी खालची वाटते, तरी "मला माहीत नाही, कोणीतरी कालवले असेल" एवढ्याने ती गाठली जात नाही.

नरसिंग यादवचे प्रकरण आपल्या तालमींत सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा कायदेशीर अर्थ फारसा सांगितला जात नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या या मल्लाच्या नमुन्यात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात मुद्दाम मिसळले गेले, असा त्याचा बचाव होता. १ ऑगस्टला नाडाच्या पॅनेलने तो मान्य करून त्याला निर्दोष सोडले. वाडाने क्रीडा लवादाकडे, म्हणजे खेळातील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायमंचाकडे, दाद मागितली, आणि १८ ऑगस्टला, लढतीच्या आदल्या दिवशी, रिओतच बसलेल्या लवादाने घातपाताचा खरा पुरावा नाही असे सांगून चार वर्षांची बंदी लावली. देशात सुटका झाली म्हणजे प्रकरण संपले असे नाही. वाडाला अपिलाचा स्वतंत्र हक्क आहे.

याहूनही तालमीच्या जीवनाला भिडणारी एक तरतूद संहितेच्या भाष्यात आहे. खेळाडूच्या जवळच्या वर्तुळातील माणसाने, म्हणजे प्रशिक्षक, जोडीदार किंवा सोबत्याने, खाण्यापिण्यात काही मिसळले, तरी "माझा काडीचाही दोष नाही" हा बचाव मिळत नाही. कारण आपला घास आणि घोट कोणाच्या हाती सोपवायचा, ही जबाबदारी खेळाडूचीच मानली जाते. वस्तादाने दिलेली गोळी, एकाने घोटून दहाजणांनी प्यायलेली थंडाई, सोबत्याने "ताकदीचे आहे" म्हणून दिलेले इंजेक्शन, हे सगळे यात येते. वस्ताद देईल ते डोळे मिटून घ्यायचे, ही आपल्याकडची निष्ठा पॅनेलपुढे निष्काळजीपणा ठरते. स्पर्धेच्या काळात तरी थंडाई स्वतः घोटावी, आणि तोंड उघडे ठेवून गेलेला तांब्या परत तोंडाला लावू नये.

वर्षांचा हिशेब

द्रव्ये ढोबळमानाने दोन गटांत पडतात. स्टेरॉइड, वाढीचे संप्रेरक यांसारख्या गटात चार वर्षांपासून सुरुवात होते. हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केले तर दोन. विनिर्दिष्ट म्हटल्या जाणाऱ्या, औषधांतून सहज शरीरात येऊ शकणाऱ्या द्रव्यांच्या गटात दोन वर्षांपासून सुरुवात होते. हेतू होता हे नाडाने सिद्ध केले तर चार. दोष फारसा नव्हता असे दाखवता आले, तर या दुसऱ्या गटात आणि दूषित उत्पादनाच्या, म्हणजे वेष्टनावर न लिहिलेले द्रव्य ज्यात निघते त्याच्या, बाबतीत शिक्षा नुसत्या ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते. पहिल्या गटात सहसा निम्म्याच्या खाली येत नाही. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये, क्रिकेट मंडळाच्या तेव्हाच्या स्वतंत्र नियमांखाली, टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी लागली. ते खोकल्याच्या औषधातून आले होते, आणि हे द्रव्य आपल्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी खोकल्याच्या सिरपांत असते.

याउलट मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे इंजेक्शन व्यायामशाळांत "दम वाढवणारे" म्हणून फिरते. ते स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे आणि विनिर्दिष्ट गटात नाही, म्हणजे सुरुवात चार वर्षांपासून. शिवाय त्याने हृदयाला होणारा धोका बंदीपेक्षा मोठा आहे, हे डॉक्टरांना विचारून पाहावे.

सोळा वर्षांखालील, आणि काही अटींवर अठरा वर्षांखालील, खेळाडूंना विशेष संरक्षण आहे: दोष कमी होता हे दाखवताना द्रव्य कुठून आले हे सिद्ध करण्याची सक्ती त्यांच्यावर नाही, आणि त्यांचे नाव जाहीर करणेही बंधनकारक नाही. मात्र त्यांच्या प्रकरणात प्रशिक्षकाची चौकशी आपोआप सुरू होते. द्रव्य पुरवणे किंवा टोचणे याला किमान चार वर्षे, आणि अशा संरक्षित मुलाला गंभीर गटातील द्रव्य दिले असेल तर आजीवन बंदी. बंदी भोगत असलेल्या प्रशिक्षकाकडे सराव करणे हेही खेळाडूचे उल्लंघन आहे, म्हणून तालीम बदलताना वस्तादांची ही बाजू विचारून घेण्यात संकोच बाळगू नये.

कोणते कागद जपावेत

डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचे पक्के बिल, पाकिटाचा फोटो ज्यात बॅच क्रमांक दिसतो. पूरक आहार घ्यायचाच असेल तर डबा संपल्यावर तळाशी थोडी पूड ठेवून तो झाकणासह बाजूला ठेवावा. जमल्यास त्याच बॅचचा एक न उघडलेला डबाही, कारण उघड्या डब्यात नंतर काही मिसळले नाही हे दाखवणे कठीण जाते. "बिल नको, शंभर रुपये कमी करतो" या सवलतीची किंमत सुनावणीत कळते. गरजेच्या औषधाला पर्याय नसेल तर वैद्यकीय सवलतीचा अर्ज औषध सुरू करण्यापूर्वी करावा. आणीबाणीत मागाहूनही करता येतो. सांध्यात घेतलेले कॉर्टिझोनसारखे इंजेक्शन २०२२ पासून आणि ट्रामाडोल हे वेदनाशामक २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे, हे गावच्या डॉक्टरांना ठाऊक असेलच असे नाही. ते खेळाडूने सांगायचे.

निकालानंतर

निर्णय पटला नाही तर राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूला अपील पॅनेलकडे जाता येते, आणि आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूला स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे. मुदत साधारण २१ दिवसांची असते. नमुना दिल्याच्या तारखेपासूनचे निकाल, पदके आणि बक्षिसे जातात. बंदीच्या काळात संघटनेच्या कोणत्याही स्पर्धेत खेळता येत नाही, आणि तिच्याशी संलग्न क्लबात संघासोबत सरावही करता येत नाही. केवळ शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जे कमी असेल तेवढ्या काळात सरावाला परतता येते. बंदी मोडून खेळल्यास मूळ बंदीइतकीच नवी बंदी मागे जोडली जाऊ शकते.

बंदी लागली की काहीजण निवृत्ती जाहीर करतात आणि चार वर्षे आपोआप सरतील असे धरून चालतात. तो मार्गही बंद आहे: बंदीच्या काळात निवृत्त झालेल्याला परतायचे असेल तर सहा महिने आधी, किंवा निवृत्तीवेळी बंदी त्याहून अधिक शिल्लक असल्यास तितका काळ आधी, लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावे लागते.