दाखल नोंदवही ते कोहा : कॉलेजच्या ग्रंथालयाची तालिका हलवताना

एम.लिब. झाल्यावर पहिली नोकरी लागली ती तालुक्याच्या एका कॉलेजात, सहायक ग्रंथपाल म्हणून. रुजू होऊन दोन आठवडे झाले नसतील, तोच ग्रंथपाल मॅडमनी चहा घेता घेता सांगितलं, "नॅकची मूल्यांकनाची टीम यायच्या आत आपल्याला कोहावर जायचंय. तुम्ही नव्यानं शिकून आलाय, तुम्हीच बघा." मी मान डोलावली. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर. त्यावर माझा हात बसला होता तो एम.लिब.च्या प्रात्यक्षिकात भरलेल्या पंधरा पुस्तकांपुरता. इथं दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला मिळणारा क्रमांक, एकतीस हजारांच्या पुढं गेलेले.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आधी मनाची तयारी एका गोष्टीची करा. कोहा बसवण्यात दोन दिवस जातात. उरलेले सगळे महिने आपल्या आधी त्या खुर्चीत बसलेल्यांनी काय आणि का लिहून ठेवलंय, ते उलगडण्यात जातात.

कोहाबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० च्या सुरुवातीला वापरात आलं. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट. मुक्त सॉफ्टवेअर असल्यानं परवान्याचे पैसे नाहीत, आणि माहिती मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण साच्यात राहत असल्यानं उद्या दुसरीकडं जायचं झालं तरी ती आपल्या हातात असते. आपल्याकडं इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअर वापरणारी कॉलेजंही भरपूर आहेत. कुठलं घ्यायचं हे बहुतेक वेळा वर ठरलेलं असतं. त्या वादात नवख्यानं पडू नये.

आमचं जुनं सॉफ्टवेअर एका लहान कंपनीनं करून दिलेलं होतं. ती कंपनी आता फोन उचलत नव्हती. सुदैवानं त्यातून सगळी यादी एक्सेलमध्ये काढता येत होती. ती मी उघडली, दोन-चार रकाने नीट केले आणि सेव्ह केली. इथंच पहिला मार खाल्ला. आयएसबीएनच्या जागी सगळीकडं ९.७८ई+१२ असं काहीतरी दिसायला लागलं, '००४५१' चा '४५१' झाला आणि काही तारखांत दिवस-महिन्याची अदलाबदल झाली. म्हणून मूळ फाईल कधीही दुहेरी क्लिक करून उघडू नका. आधी तिची प्रत काढा, ती आयात करताना प्रत्येक रकाना 'मजकूर' म्हणून घ्या, आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ सीएसव्ही निवडा. नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते.

आता दाखल क्रमांक. वर्गात आपण शिकतो की प्रत्येक प्रतीला एकच क्रमांक, तो पुन्हा कुणाला नाही. कपाटातून दाखल नोंदवह्या काढल्या तर त्या तीन निघाल्या: सर्वसाधारण, बुक बँक आणि यूजीसी अनुदानाची. तिन्ही १ पासून सुरू झालेल्या. म्हणजे १२०१ क्रमांकाची तीन पुस्तकं. कोहात हाच क्रमांक आम्ही बारकोड म्हणून घेतला होता. बारकोड ९५२ क्षेत्राच्या (मार्क नोंदीतला प्रतीच्या माहितीचा रकाना) पी उपक्षेत्रात जातो आणि तो संपूर्ण ग्रंथालयात एकमेव असावा लागतो. आमच्या पहिल्या चाचणीत आयात झाल्यावर अहवालात एक ओळ होती: बारकोड दुबार असल्यानं वगळलेल्या प्रती. तिच्यासमोर चार आकडी संख्या. ती ओळ मी वाचलीच नव्हती, नोंदी दिसल्या म्हणून खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शेल्फवरचं यूजीसीचं पुस्तक शोधलं, तर नोंद आहे, प्रत नाही.

उपाय साधा होता. बुक बँकेच्या क्रमांकाआधी 'बीबी', यूजीसीच्या आधी 'यू', सर्वसाधारण तसेच ठेवले. मॅडमना मात्र ते पटेना. "नोंदवहीतला क्रमांक बदलायचा नसतो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी नोंदवहीतला मूळ क्रमांक आय उपक्षेत्रात जसाच्या तसा ठेवला आणि उपसर्ग फक्त बारकोडला लावला. ऑडिटवाल्यांना मूळ क्रमांक दाखवता येतो, यंत्रालाही गोंधळ नाही.

नोंदवही आणि एक्सेल जुळवताना आमचे परिचर काका सोबत होते. ते नसते तर मी आजही तिथंच बसलो असतो. नोंदवहीत काही क्रमांकांपुढं लाल शाईत नुसता 'बा' लिहिलेला. मी तो 'बाइंडिंग' समजून चाललो होतो. काका म्हणाले, "बाद हो सर. पावसाळ्यात भिंत ओली झाली होती, त्या वर्षीची." जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही पुस्तकं अजून 'उपलब्ध' होती. माणसं निवृत्त व्हायच्या आत त्यांना अशा खुणा विचारून घ्या, वहीत लिहून घ्या.

मराठी पुस्तकांचं प्रकरण वेगळंच. जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टात अक्षरं जशी दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. क्रम न बदलता नुसतं अक्षराला अक्षर लावलं की 'कविता' ची 'किवता' होते आणि 'अर्थशास्त्र' चं 'अथर्शास्त्र'. मोफत मिळणाऱ्या रूपांतरकांपैकी काही हे नीट करतात, काही अर्धवट. आम्ही शंभर नोंदींचा नमुना काढून तीन रूपांतरकांवर चालवला आणि सगळ्यात कमी चुका करणारा निवडला. तरीही जोडाक्षरं हातानं तपासावी लागली. 'दुसऱ्या' सारख्या शब्दानं तर घाम काढला. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. एक पद्धत ठरवून सगळीकडं बदलून घेतली.

याच संदर्भात एक गोष्ट सर्व्हर बसवणाऱ्याला आठवणीनं सांगा: कोहातल्या झेब्रा या शोधयंत्रणेची अनुक्रमणी आयसीयू या युनिकोड जाणणाऱ्या पद्धतीनं करायची. मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते, देवनागरीचा शोध तिच्यावर नीट चालत नाही.

लेखकांच्या नावांवर मी सर्वाधिक वेळ घालवला, आणि तो वाया गेला असं वाटत नाही. आडनाव आधी, आडनाव नंतर, नुसती आद्याक्षरं, कुठं रोमन, कुठं 'डॉ.' आणि 'प्रा.' सकट. एकाच माणसाची पाच रूपं. त्यात टोपणनावं. आमच्याकडं कवितांवर कुसुमाग्रज आणि नाटकांवर वि. वा. शिरवाडकर होते, कुणीतरी उत्साहानं काही ठिकाणी एकाचं दुसऱ्यात रूपांतर केलेलं. ही दोन्ही नावं राहू द्यावीत, अधिकृत नोंदीत (लेखकाच्या नावाचं प्रमाण रूप ठेवणारी वेगळी नोंद) ५०० क्षेत्रानं 'हेही पाहा' असा दुवा द्यावा. मुखपृष्ठावर जे नाव आहे त्याच नावानं मुलं शोधतात.

प्रतींचंही तसंच. जुन्या यादीत प्रत्येक प्रत म्हणजे स्वतंत्र नोंद, म्हणजे वाणिज्य शाखेच्या एकाच पाठ्यपुस्तकाच्या वीस नोंदी. त्या एकाखाली आणायच्या तर आवृत्ती बघावी लागते. आणि आपले प्रकाशक पुनर्मुद्रणालाही बिनदिक्कत 'दुसरी आवृत्ती' म्हणतात. पानांची संख्या तीच असेल तर आम्ही ते पुनर्मुद्रण धरलं. पंडित मंडळी नाक मुरडतील, पण तीन माणसांत एवढंच जमतं.

यादी स्वच्छ झाल्यावर पुढचं काम झपाट्यानं होतं. मार्कएडिट या मार्क नोंदी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रकाने क्षेत्रांना जोडायचे (शीर्षक २४५, लेखक १००, वर्गांक ०८२, प्रत ९५२), फाईल करायची, कोहात आधी 'स्टेज' करायची, म्हणजे तपासणीसाठी तात्पुरती चढवायची, मग आयात. पहिल्यांदा पन्नासच नोंदी न्या, त्याही मुद्दाम अवघड निवडून: अनेक खंडांचा कोश, बिनलेखकाचा अहवाल, हिंदी पुस्तक, दहा प्रतींचं पाठ्यपुस्तक. पन्नास बघून मगच बाकीच्या.

आम्ही मे महिन्याची सुट्टी धरली होती. देवघेव बंद, मुलांकडची पुस्तकं 'नो ड्यूज'च्या निमित्तानं परत आलेली, त्यामुळं जुन्या व्यवहारांचा इतिहास हलवायचा प्रश्नच उरला नाही. जूनमध्ये काउंटर सुरू झाला तो सुरळीत. फजिती झाली दिवाळीनंतर. कोहाच्या कॅलेंडरमध्ये मी रविवार भरले होते, दिवाळीची सुट्टी भरली नव्हती. कॉलेज उघडलं त्या सकाळी काउंटरवर रांग आणि प्रत्येकाच्या नावावर दंड. एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच कुलूप लावून गेला होतात ना?" तो सगळा दंड एकेक करून माफ करण्यात माझा दिवस गेला.

जुना संगणक भंगारात द्यायचं चाललं होतं, तो मॅडमनी अडवला. तो अजून मागच्या खोलीत कापड टाकून ठेवलाय. मागच्या ऑडिटला एका संदर्भ संचाची खरेदी किंमत जुळेना. कोहात एक, बिलावर दुसरी. काकांनी धूळ झटकली, मी बटण दाबलं, आणि तो सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. किंमत बिलाप्रमाणं बरोबर निघाली. चूक माझ्या एक्सेलमध्ये झाली होती, एक ओळ खाली सरकली होती. त्यानंतर त्या पानावरच्या सगळ्या किमती तपासायला घेतल्यात.