व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता मोजायला शिकताना

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला येणारी मुलं व्यक्तिमत्त्व विकारांची, म्हणजे स्वतःशी आणि इतरांशी वागण्याच्या दीर्घकाळ बिघडलेल्या पद्धतींची, यादी तोंडपाठ करूनच येतात. डीएसएम-५ या अमेरिकन निदानपुस्तिकेतले दहा प्रकार, त्यांचे तीन गट, प्रत्येकाचे निकष. मग ओपीडीत रुग्ण समोर बसला की डोकं आपोआप तिकडेच धावतं: हा बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत अस्थिर) की नार्सिसिस्टिक (स्वतःच्या मोठेपणात गुंतलेला)? माझं सांगणं एवढंच, की हा प्रश्न जरा थांबवा आणि आधी या माणसाचं जगणं किती विस्कटलंय ते शोधा. उपचार किती सखोल हवेत, जिवाला धोका किती, हे प्रकाराच्या नावापेक्षा तीव्रतेवरून जास्त कळतं.

प्रकारांची पद्धत अडचणीची ठरली ती वॉर्डातच. एकाच रुग्णात दोन-तीन प्रकारांचे निकष पूर्ण व्हायचे, आणि एकच निदान मिळालेले दोन रुग्ण एकमेकांसारखे अजिबात नसायचे. मानसोपचारतज्ज्ञ पीटर टायरर आणि त्यांचे सहलेखक जॉन्सन यांनी १९९६ मध्येच तीव्रतेच्या पायऱ्या मांडल्या होत्या. पुढे टायरर यांच्याच अध्यक्षतेखालच्या गटाने आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातल्या व्यक्तिमत्त्व विकारांच्या भागाची रचना केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. आता निदान एकच: व्यक्तिमत्त्व विकार, आणि तो सौम्य, मध्यम की तीव्र. स्वभावाची पाच वैशिष्ट्यं आणि बॉर्डरलाइन पॅटर्न हे त्याला नंतर जोडायचे. विकाराच्या अलीकडे ‘व्यक्तिमत्त्वातील अडचण’ अशीही एक पायरी आहे, पण ती विकारात मोडत नाही. ही पायरी नीट समजून घ्या, कारण नवख्यांच्या हातून विनाकारण निदान होतं ते इथेच.

मोजायचं काय, तर मुख्यतः दोन गोष्टी. माणसाचं स्वतःशी नातं कसं आहे, आणि इतरांशी कसं आहे. त्रास किमान दोन वर्षं टिकलेला हवा. सौम्य असेल तर काही क्षेत्रं बिघडतात, काही टिकून राहतात: नोकरी चालू असते, एखादी जुनी मैत्री शाबूत असते. मध्यममध्ये बहुतेक नात्यांत संघर्ष दिसतो. तीव्रमध्ये ‘मी कोण’ हेच हरवलेलं असतं, काम आणि नाती जवळजवळ कोलमडलेली असतात, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका बऱ्याचदा असतो. पण स्वतःला इजा केल्याचे हातावरचे वण पाहून थेट ‘तीव्र’ लिहू नका. वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडलेला, कुणालाही त्रास न देणारा शांत मुलगासुद्धा तीव्र असू शकतो.

साधनांपैकी पीडीएस-आयसीडी-११ ही १४ प्रश्नांची प्रश्नावली मला शिकण्यासाठी सर्वांत उपयोगी वाटते. तिच्या पहिल्या दहा प्रश्नांत निरोगी उत्तर मधोमध असतं आणि बिघाड दोन्ही टोकांना. स्वतःला कवडीमोल समजणं हा बिघाड, तसाच स्वतःला सगळ्यांपेक्षा श्रेष्ठ समजणं हाही. भांडणच नको म्हणून सगळं गिळणारा आणि प्रत्येक मतभेदाचं भांडण करणारा, दोघांनाही सारखेच गुण मिळतात. शेवटचे चार प्रश्न शून्य ते तीन असे मोजतात. एकूण गुण ० ते ३२. डीएसएम-५ मध्येही प्रकारांऐवजी बिघाडाच्या पातळीपासून सुरुवात करणारं एक पर्यायी मॉडेल आहे, त्यासाठी एलपीएफएस-बीएफ २.० ही १२ प्रश्नांची छोटी प्रश्नावलीही आहे. कोणतीही वापरा, पण तिची मराठी आवृत्ती कोणी आणि कशी तपासली आहे हे सुपरव्हायझरला विचारून घ्या. रुग्णासमोर बसून आयत्या वेळी केलेल्या भाषांतराच्या गुणांना काही अर्थ नसतो. आणि गुण म्हणजे निदान नव्हे. खरं काम मुलाखतीत होतं.

मुलाखतीत आपल्याकडचं घर समजून घ्यावंच लागतं. अठ्ठावीस वर्षांची बाई ‘घरी विचारून सांगते’ म्हणाली, की लगेच तिला स्वतःची दिशा नाही असं लिहिणं हा तिच्यावर अन्याय आहे. मी विचारते, ‘घरच्यांनी हो म्हटलं असतं, तर तुम्हाला काय करायला आवडलं असतं?’ ती पटकन सांगू लागली, तर दिशा आहे, वाट अडलेली आहे. संस्कृती आणि परिस्थिती यांनी जे समजावता येतं त्याला विकार म्हणायचं नाही, हे आयसीडी-११ मध्येही स्पष्ट आहे. नात्यांसाठी माझा आवडता प्रश्न: ‘भांडण झालं, मग पुढचे चार दिवस काय होतं?’ आणि त्यालाच जोडून, ‘त्या वेळी तुमच्या बहिणीला काय वाटत असेल?’

रुग्णाच्या संमतीने नातेवाइकांशी वेगळं बोला. ‘लहानपणापासून असाच हट्टी’ यावर थांबू नका, प्रसंग मागा. शाळेत कसा होता, पहिली नोकरी का सुटली, आजारी आईजवळ कोण बसलं होतं? नैराश्याच्या ऐन भरात घेतलेली उत्तरं काळवंडलेली असतात, म्हणून मनःस्थिती सावरल्यावर पुन्हा मोजा. तीव्रता कायमची नसते, काळानुसार आणि उपचारांनी ती बदलते. फाइलमध्ये तारीख घालूनच लिहा.

केस कॉन्फरन्समध्ये नुसतं ‘मध्यम’ म्हणू नका. कोणतं नातं तुटलं आणि कोणतं टिकलं, ते सांगा. थेरपीची सुरुवात बहुधा त्या टिकलेल्या नात्यापासून करता येते.