गरम जॉब मोजू नका

रबाळ्याच्या एमआयडीसीत मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. लेथवरून, ग्राइंडिंगवरून आलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, ड्रॉइंगशी ताडून बघायचं. माप बसलं तर पास, नाहीतर लाल रंगाचा फराटा. २०१९ला रिटायर झालो आणि येताना तो ब्रश ऐरोलीच्या घरी घेऊन आलो, असं आमची ही म्हणते. खोटं नाही. एकदा गमतीत मी तिच्या भाकरीला व्हर्नियर लावला होता. एका कडेला ३.२ मिलिमीटर, दुसऱ्या कडेला ४.८. मी हसत होतो, ती नव्हती. पुढचे दोन दिवस ताटात बेकरीचा पाव.

स्वतःतलं आणि दुसऱ्यातलं उणं कसं पचवायचं, हे पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मी लहानपणापासून वाचत होतो. डोक्यात शिरलं ते मात्र धंद्याच्या भाषेत. तीच भाषा इथे वापरतो.

माप घेण्याआधी मायक्रोमीटर मधे काही न ठेवता मिटवून बघायचा. शून्यावर शून्य यायला हवं. पुष्कळदा येत नाही, ०.०२ जास्त दाखवतो. म्हणून त्याला कोणी भंगारात टाकत नाही. तेवढं ध्यानात ठेवून प्रत्येक मापातून वजा करायचं. कुसळ-मुसळाची म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू तेच बोलतो, पण त्यातला क्रम आपण विसरतो. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ काढूच नकोस, असं तिथे म्हटलेलं नाही.

हे रोज करायचं कसं? मी रात्री वहीत एक ओळ लिहितो. एकच, आणि तिच्यात विशेषण चालत नाही. ‘मी तापट आहे, बाप म्हणून नालायक आहे’ हे माप नाही, हा लाल फराटा. ‘नऊ वाजता फोनवर मुलाचं बोलणं तोडलं आणि पगाराचा विषय काढला’ हे माप. असं लिहिलं की प्रार्थनेत कबूल करायला काहीतरी हाताशी येतं. शिवाय सकाळी त्याला ‘काल मी तुझं ऐकून घेतलं नाही रे’ एवढं सांगता येतं. कबूल झालेली ओळ खोडायची. दुसऱ्या रात्री तीच पुन्हा उगाळायची नाही. क्षमा मागून परत तेच गाऱ्हाणं घालणं म्हणजे पास झालेला माल गोडाऊनमधून ओढून आणणं. तीच चूक परत झाली तर नवी ओळ. ‘बोलणं तोडलं’ माझ्या वहीत किती वेळा आहे, ते विचारू नका.

आणि स्वभाव जातच नसेल तर? माझाही गेलेला नाही. प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, कसला ते तो सांगत नाही. तो काढून टाक म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, उत्तर आलं: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ मी वीस वर्षं ‘प्रभू, माझा राग काढून घे’ म्हणायचो, आणि संध्याकाळी राग आला की प्रार्थनेवरच चिडायचो. आता म्हणतो, ‘आज राग येईल, तेव्हा जवळ राहा.’ आमच्या नगरकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव आजही आदराने घेतात. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. एवढी गोड भजनं लिहिणारा हा माणूस घरात कसा भडकायचा, ते लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत काहीही न झाकता लिहिलंय, आणि लिहिलंय ते हसत. मला ते वाचून फार धीर आला. हिला जरा जास्तच आला.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सियसला धरतात. १०० मिलिमीटरचा स्टीलचा जॉब त्याहून वीस अंश गरम असेल, तर सुमारे ०.०२ मिलिमीटर जास्त भरतो. नवा पोरगा घाईत मोजतो, ‘ओव्हरसाइज’ म्हणतो, ऑपरेटर अजून घासतो, आणि थंड झाल्यावर जॉब खरोखरच कमी भरतो. चांगला माल मोजणाऱ्याने घालवला. मुलाने इंजिनिअरिंग सोडलं त्या रात्री मी हेच केलं. तो तापलेला, मी तापलेला, आणि मी त्याचं माप काढत बसलो. पुढे आठ महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता.

आता राग आला की मी खाडीच्या बाजूला चक्कर मारून येतो. मात्र इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मुदतही दिली आहे: रागात असताना सूर्य मावळू नये. आठवडाभर अबोला धरून ‘मी थंड होतोय’ म्हणायची सोय नाही. संध्याकाळचा चहा ही आमच्या घरची शेवटची वेळ.

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, ड्रॉइंगवाला ठरवतो, इन्स्पेक्टर नाही. ड्रॉइंगवर ०.०५ची सूट असेल तर मी ०.०१वर अडून बसायचं कारण नाही. टॉवेल कुठे टाकला, भाजीत मीठ किती, हे सगळं सुटीतलं. पण काही मापं क्रिटिकल असतात. मारहाण, दारूत घर बुडवणं, फसवणूक यांना ‘चालतंय, आपण सगळेच पापी’ म्हणून पास करू नका. ते स्वीकारणं नव्हे. तिथे मदत बोलवायची, अंतर ठेवायचं, आणि ते करताना द्वेष न धरण्याची प्रार्थना करायची.

माझा धाकटा भाऊ कळव्याला असतो. त्याने चाळीस हजार नेले ते परत आलेच नाहीत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टान्त मला तेव्हा नीट वाचता आला. एका चाकराला दहा हजार तालांत माफ झाले आणि तो शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार. म्हणजे शंभर दिवसांची कमाई, समोर सहा कोटी दिवसांची. शंभर दिवसांची कमाई किरकोळ आहे, असं येशू कुठेच म्हणत नाही. चाळीस हजार माझेही किरकोळ नव्हते. हे त्याला तोंडावर सांगितलं, पुढे पैसे देणार नाही हेही सांगितलं, आणि मागचे सोडले. तो म्हणाला, “दादा, मग जेवायला तरी येऊ का?”

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेनंतर, तो आमच्याकडे असतो. बाराला बोलावलं की दीडला उगवतो. सहा महिने मी घड्याळ बघत धुसफुसत होतो. मग ही म्हणाली, “अहो, त्याला साडेदहालाच बोलवा ना.” आता बाराला ताटं वाढलेली असतात.