अनुभव की बदल? मत देण्याआधीची माझी वही

अमेरिकेची नागरिक झाल्यावर मी पहिलं मत दिलं ते ५ फेब्रुवारी २००८ ला, न्यू जर्सीच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत. डेमोक्रॅटिक पक्षात लढत होती हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची. क्लिंटन अनुभव सांगायच्या, ओबामा बदलाची भाषा करायचे. आमच्या घरी महिनाभर जेवताना एकच वाद. नवरा म्हणायचा, "देश चालवायचाय, अनुभव नको?" मुलगी म्हणायची, "बाबा, अनुभवी लोकांनीच आपल्याला इराकमध्ये नेऊन घातलं ना?" दोघांचंही पटायचं आणि माझं काही ठरायचं नाही. शेवटी ऑफिसात माणसं घेताना जे करायचे तेच केलं. वही काढली.

तेव्हापासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीला, दोन्ही पक्षांच्या उमेदवारांसाठी, ती वही निघते. पद्धत सांगते. तेव्हा मत कोणाला दिलं ते सांगणार नाही, घरातही अजून सांगितलेलं नाही.

आधी ऑफिसची गोष्ट, कारण सगळं तिथूनच आलंय. मी एका विमा कंपनीत पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. जुनी यंत्रणा बदलायची ठरली आणि मी मुलाखती घेतल्या. एकजण फार हुशार. म्हणाला, "सगळं नव्यानं उभारतो." मी विचारलं, येत्या पंधरा तारखेचा पगार जुन्यातून काढायचा की नव्यातून? गडी गप्प. दुसऱ्याच्या गाठीला वीस वर्षं. त्याला विचारलं, तुमच्या हातून पगार चुकला तेव्हा काय केलंत? म्हणाला, "माझ्या हातून कधी चुकलाच नाही." ज्यानं पगार काढलाय त्याच्या हातून तो एकदा तरी चुकलेला असतोच. दोघांनाही घेतलं नाही.

वहीत हेच दोन प्रश्न असतात. बदलाची भाषा करणाऱ्याला पंधरा तारखेचा, अनुभव सांगणाऱ्याला चुकलेल्या पगाराचा.

पंधरा तारखेचा प्रश्न असा मांडायचा. उमेदवाराची तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी तीन आश्वासनं लिहा. तीनच. (पहिल्या वर्षी मी अकरा लिहिली, पाचव्यानंतर कंटाळले.) प्रत्येकापुढे लिहा, हे कोणाच्या सहीनं होणार? अध्यक्षाच्या एकट्याच्या सहीनं, काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, मतांनी, की राज्यं आणि न्यायालयं यांच्या मर्जीनं? पैसा लागणार असेल तर तो काँग्रेसकडून. बहुतेक कायद्यांना सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, चर्चा थांबवायलाच शंभरातली साठ मतं लागतात. ती साठ माणसं उमेदवार कुठून आणणार, हे त्याच्या एका तरी भाषणात सापडतं का ते बघा.

ग्वांतानामोचं उदाहरण घ्या, क्यूबातला अमेरिकेचा लष्करी तुरुंग, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा. २२ जानेवारी २००९ ला, पदावर आल्याच्या दोनच दिवसांत, ओबामांनी तो तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. मे महिन्यात सिनेटनं त्यासाठीचा पैसा ९० विरुद्ध ६ मतांनी अडवला. त्यांच्याच पक्षाचं बहुमत असताना. आठ वर्षांनी ओबामा गेले, तुरुंग राहिला. दुसऱ्या बाजूला ट्रम्प यांची सीमेवरची भिंत. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीची पहिली दोन वर्षं दोन्ही सभागृहं त्यांच्या पक्षाकडे होती, तरी हवा तो पैसा मिळाला नाही. मग ५.७ अब्ज डॉलरसाठी सरकार ३५ दिवस अर्धवट बंद राहिलं आणि हाती आले १.३७५ अब्ज. दोघांचीही इच्छा खरी असेल, माझं काही म्हणणं नाही. पण पगार जुन्यातून काढायचा की नव्यातून, हे ठरलेलं नव्हतं.

आता अनुभव. राज्यघटनेत अध्यक्षासाठी अटी तीनच: जन्मानं नागरिक, वय किमान ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. अनुभवाचा शब्द नाही. आणि नुसत्या पदांच्या यादीवर जायचं तर जेम्स ब्युकॅनन यांच्यासारखा उमेदवार शोधून सापडणार नाही. दोन्ही सभागृहांत प्रत्येकी दहा-दहा वर्षं, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमध्ये देशाचे प्रतिनिधी. १८५७ मध्ये अध्यक्ष झाले आणि १८६१ मध्ये उतरले तेव्हा सात राज्यं फुटून निघाली होती. त्यांच्यामागून आले लिंकन. वॉशिंग्टनचा अनुभव म्हणाल तर प्रतिनिधीगृहातली एक मुदत, दोन वर्षं.

यावरून अनुभव फुकट असा निष्कर्ष माझी मुलगी काढते. तो मला पटत नाही. लिंडन जॉन्सन अध्यक्ष होण्याआधी सिनेटमध्ये बहुमताचे नेते राहिलेले नसते, तर १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा त्यांना तसा रेटता आला असता असं मला वाटत नाही. अनुभव कशाचा, हे मात्र बघावंच लागतं. गव्हर्नरनं, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखानं, बजेट पेललेलं असतं, व्हेटो वापरलेला असतो, वादळाच्या रात्री फोन घेतलेला असतो. सिनेटरनं मतं दिलेली असतात, आणि ती एकेक करून काँग्रेसच्या संकेतस्थळावर तुम्हाला बघता येतात. माझ्या वहीत वर्षांना जागा नाही. प्रत्येकाचा एक अवघड निर्णय लिहायचा आणि तो अंगाशी आल्यावर त्यानं काय केलं ते लिहायचं.

इराक युद्धाचा अधिकार देणारा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटनं ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर केला. क्लिंटन बाईंचं मत त्याच्या बाजूनं. २००८ च्या प्रचारात "ती माझी चूक" असं सरळ म्हणायला त्या तयार नव्हत्या. ते मी लिहिलं. पण न्याय म्हणून हेही लिहिलं की ओबामांनी विरोध केला तो शिकागोतल्या सभेत, तेव्हा ते इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते, देशाच्या नाही. ज्याला मत द्यावं लागत नाही त्याला विरोध स्वस्तात पडतो. म्हणून २००५ पासून सिनेटमध्ये त्यांनी प्रत्यक्ष दिलेली मतं काढली. दोन संध्याकाळी गेल्या.

चूक झाल्यावर माणसानं कसं वागावं याचा माझा नमुना केनेडी. १९६० मध्ये ते ४३ वर्षांचे, आणि समोर निक्सन अनुभवाचं माप पुढे करत होते. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबातलं कॅस्ट्रो सरकार उलथवायची बे ऑफ पिग्जची मोहीम पार फसली. केनेडींनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःवर घेतली आणि विरोधी पक्षाच्या माजी अध्यक्ष आयझेनहॉवरना कॅम्प डेव्हिडला, अध्यक्षांच्या विश्रांतिस्थानी, बोलावून त्यांचं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा त्यांनी सल्लागारांना तेरा दिवस आपसांत भांडू दिलं आणि लगेच बाँब टाका म्हणणाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. दीड वर्षाचा अनुभव, पण कामी आलेला.

तिसरी नोंद सोबत्यांची. ही झटपट होते. नवा माणूस उपाध्यक्षपदासाठी जुनाजाणता जोडीदार घेतो का बघा. ओबामांनी सिनेटमध्ये ३६ वर्षं काढलेल्या बायडनना घेतलं. २०१६ मध्ये सरकारी वा लष्करी सेवेचा काहीच अनुभव नसलेल्या ट्रम्पनी बारा वर्षं काँग्रेसमध्ये बसलेले आणि गव्हर्नर राहिलेले पेन्स घेतले. अध्यक्षाला सुमारे चार हजार नेमणुका करायच्या असतात, त्यातल्या हजारावर सिनेटच्या मंजुरीनं. उमेदवाराच्या प्रचाराचा कारभार किती माणसं टिकवून चाललाय, हेही मी बघते. दर महिन्याला मॅनेजर बदलणाऱ्याच्या नावापुढे फुली.

डिबेट बघा, पण वही मिटून. तिथं हजरजबाबीपणा जिंकतो. १९८४ मध्ये ७३ वर्षांचे रेगन म्हणाले की प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. समोर ५६ वर्षांचे मॉन्डेल, तेही हसले. वयाचा प्रश्न तिथंच संपला. वाक्य झकास, पण वहीत लिहिण्याजोगं त्यात काही नाही.

एक शेवटची सूचना, पान आखताना उजवीकडे तीन बोटं जागा मोकळी सोडा. २००८ च्या पानावर आरोग्यविम्याच्या ओळीत मी लिहिलं होतं: "सर्वांना सक्ती – क्लिंटन हो, ओबामा नाही." मार्च २०१० मध्ये ओबामांनी ज्या कायद्यावर सही केली त्यात विमा घेण्याची सक्ती होती. ओळ खोडली नाही. शेजारच्या मोकळ्या जागेत तारीख टाकली.