आंतरराष्ट्रीय व्यवसायाचा अभ्यास कसा करावा : एक माल, एक देश आणि दोन वर्षे

पुण्यात इंटरनॅशनल बिझनेस घेऊन एमबीए करताना पहिल्याच सत्रात एक अडचण जाणवते. एकीकडे रिकार्डोचा १८१७ सालचा तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त, दुसरीकडे परकीय चलनाची गणिते, तिसरीकडे सीमाशुल्काचे नियम; प्रत्येकाचे प्राध्यापक वेगळे, पुस्तके वेगळी, आणि या सगळ्यांचा परस्परांशी संबंध काय, हे जुळवण्याचे काम मात्र विद्यार्थ्यावर येऊन पडते. मला त्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली रीत अशी, की प्रवेश घेतल्याबरोबर एक माल आणि एक देश निवडावा आणि दोन्ही वर्षे प्रत्येक विषय त्याच व्यवहाराला लावून पाहावा. मी नाशिकची ताजी द्राक्षे आणि नेदरलँड्स ही जोडी घेतली होती. आपल्या घरच्या किंवा गावच्या ओळखीचा माल असेल तर उत्तम, कारण शंका विचारायला माणसे जवळ मिळतात.

सुरुवात एचएस कोडपासून, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकापासून करावी. ताज्या द्राक्षांचा कोड ०८०६ १०. हे पहिले सहा आकडे जगभर सारखेच असतात, भारतात त्यापुढे दोन आकडे जोडून आठ आकडी कोड होतो. हा कोड घेऊन जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर भारताची निर्यात आणि नेदरलँड्सची भारताकडून आयात असे दोन्ही आकडे काढावेत. ते बहुधा जुळत नाहीत. भारत निर्यातीचे मूल्य एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचे, धरतो, तर आयात करणारा देश त्यात जहाजभाडे आणि विमा मिळवून सीआयएफ मूल्य नोंदवतो. शिवाय जहाज मार्चमध्ये निघून एप्रिलमध्ये पोहोचले, तर महिनाही बदलतो. हा फरक स्वतः शोधून काढला की आकडेवारीचा पेपर वेगळा करावा लागत नाही.

इन्कोटर्म्स, म्हणजे विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात खर्च व जोखीम वाटून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापारी अटी, पाठ करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. २०२०च्या आवृत्तीत अकरा अटी आहेत आणि प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारायचे आहेत : खर्च कुठपर्यंत कोणाचा आणि जोखीम कुठे हस्तांतरित होते? सीआयएफमध्ये विक्रेता रॉटरडॅमपर्यंतचे भाडे आणि विमा भरतो, पण जोखीम मात्र न्हावा शेवाला माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते. परीक्षेत सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. अशा लांबलेल्या प्रवासात द्राक्षांचा दर्जा घसरला तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न एफओबी, सीआयएफ आणि डीएपी (ठरलेल्या ठिकाणी माल पोहोचवून देण्याची अट) या तिन्ही अटी धरून सोडवून पाहावा. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट टिपून ठेवावी : आपल्याकडे कंटेनरच्या मालालाही सर्रास एफओबी लावतात, परंतु कंटेनर जहाजावर चढण्याआधीच टर्मिनलकडे सोपवला जात असल्याने त्यासाठी एफसीए (ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराकडे माल सोपवण्याची अट) अधिक योग्य ठरते.

एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैसे देण्याची हमी, शिकताना तिचे आंतरराष्ट्रीय नियम असलेले यूसीपी ६०० मुळातून वाचावे. बँक मालाचा नव्हे तर कागदपत्रांचा व्यवहार करते, हे त्यातील पाचवे कलम सांगते आणि बाकीचे बरेच त्यातून उलगडते. वर्गमित्राला बँक अधिकारी करून एक सराव करावा : एलसी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) यांचे नमुने तयार करून त्यांत मालाचे वर्णन, वजन किंवा तारीख यांत एखादी विसंगती मुद्दाम पेरावी आणि समोरच्याने ती शोधावी. मात्र युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा बराच व्यवहार कन्साइनमेंटवर, म्हणजे माल तिकडे विकला गेल्यानंतर हिशेब, या पद्धतीने होतो. निर्यातदार एलसीशिवाय एवढी जोखीम का पत्करतो आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा तिथे कितपत उपयोगी पडतो, याचा विचार केला की जोखीम व्यवस्थापनाचे प्रकरण समजते.

बिगर-शुल्क अडथळ्यांसाठी २०१०चे उदाहरण मुळापासून अभ्यासावे. त्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तो घटकच नव्हता, त्यामुळे नियमाने चाललेल्या बागायतदारांचेही अतोनात नुकसान झाले. आयात शुल्काचा तक्ता कितीही बारकाईने वाचला, तरी हा धोका त्यात दिसत नाही.

सांस्कृतिक फरकांच्या सिद्धान्तांना परीक्षेपुरता वेळ पुरतो. उरलेला वेळ प्रशिक्षणाला द्यावा आणि ते शक्यतो सीएचएच्या, म्हणजे सीमाशुल्काची कामे करून देणाऱ्या एजंटच्या, कार्यालयात घ्यावे. मोठ्या कंपनीच्या नावापेक्षा तिथे हाताखालून जाणारी कागदपत्रे अधिक मोलाची असतात. नावे आणि किमती झाकून एखादी पूर्ण झालेली फाइल पाहायला मिळेल का, असे अदबीने विचारावे. ती मिळाल्यास शिपिंग बिल (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरलेला अर्ज), फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग आणि बँकेचे वसुलीचे कागद तारखेच्या क्रमाने लावावेत, आणि प्रत्येक कागद कोणी, कोणासाठी व कशाच्या आधारावर दिला, हे शेजारी लिहीत जावे.