कयाकवरून खाडीत गळ टाकायचाय? आधी नांगर टाकायला शिका

कयाकवरून मासेमारी करायची ठरली की पहिला खर्च रॉड आणि रीलवर होतो, दुसरा रंगीबेरंगी ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषांवर. नांगराचा विचार शेवटी येतो आणि घरातला एखादा डंबेल नायलॉनच्या दोरीला बांधून नेला जातो. हा क्रम उलटा हवा. खाडीत कयाक माशामुळे क्वचितच उलटते. ती उलटते चुकीच्या जागी बांधलेल्या नांगराच्या दोरीमुळे. तलावात चित्रीकरण केलेले व्हिडिओ पाहून दिलेला सल्ला इथे कामाचा नाही, कारण तलावाचं पाणी जागेवर असतं आणि खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं.

हे सगळं भरती-ओहोटीच्या खाडीपुरतं आहे: बाणकोटची सावित्री, राजपुरीची खाडी, रेवदंड्याची कुंडलिका, आंजर्ले, केळशी. पोहता येतं, लाइफ जॅकेट सीटमागे न ठेवता अंगात घातलेलं असतं आणि उलटलेल्या कयाकवर पाण्यातून परत चढता येतं, हे धरून चाललो आहे. तिसरी गोष्ट जमत नसेल तर परवानगी असलेल्या एखाद्या शांत जलाशयात ती जमेपर्यंत कोकणाचा रस्ता धरू नका.

दिवस कॅलेंडरवर ठरवा

पुण्याहून जाणारा माणूस सुट्टी बघून रविवार ठरवतो आणि मग भरती कधी आहे ते पाहतो. आधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. एकादशी असेल तर ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास पाणी भरलेलं असणार. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, हेही धरा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ सर्वांत जास्त. अलिबागच्या बाजूला तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. अष्टमीच्या भांगाला ओढ कमी, आणि ती सर्वांत मंद होते अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून नवख्याने दशमी-एकादशी धरावी. सकाळी सहाला पाण्यात उतरायचं, भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी थांबतं ती वेळ साधायची, ओहोटीचा पहिला तास घेऊन साडेनऊ-दहापर्यंत बाहेर. घरी एकादशी पाळत असतील तर मासा बर्फात ठेवून द्वादशीला करता येतो.

वाऱ्याचंही वेळापत्रक असतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारकडे खारे वारे उलट दिशेने सुटतात. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना खारा वारा समोरून आला की खाडीच्या तोंडाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि वाळूच्या दांड्यावर फुटतात. त्या वेळी तोंडाच्या जवळपासही असू नका. जून ते नारळी पौर्णिमा घरी बसा. बाकीच्या महिन्यांत निघण्याच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, दोन्ही बघा.

साहित्य

वर बसायची, १० ते १२ फुटी, निदान ३० इंच रुंद कयाक. पॅडलला दोरी. सात फुटी मध्यम-जड स्पिनिंग रॉड, ४००० चं रील, २० ते ३० पौंडांची ब्रेडेड लाइन आणि पुढे मीटरभर ४० पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते आणि कांदळवनाच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यामुळे लीडरवर पैसे वाचवू नका. १० ते २० ग्रॅमचे जिगहेड (शिशाच्या डोक्याचे गळ) आणि चार इंची रबरी मासे पुरतात. जिवंत आमिषाला कोळंबी, ती गावातल्या कोळणीकडूनच घ्यावी. त्यासाठी २/० किंवा ३/० चा सर्कल हुक. ल्युअरला तिहेरी गळ असतील तर काढून एकेरी लावा. मांडीजवळ तडफडणारा मासा आणि सहा टोकं ही कयाकवर नको असलेली जोडी आहे.

कयाक टपावर बांधताना पुढचं टोक गाडीच्या नाकाला वेगळ्या दोरीने बांधा. ताम्हिणीत वारा तेच टोक उचलतो.

नांगर

‘जड नांगर म्हणजे पक्का नांगर’ हा सगळ्यांत वाईट सल्ला. वजन कयाकला धरत नाही, रुतलेलं पातं धरतं. ते रुतण्यासाठी ओढ आडवी लागते. दोरी सरळ खाली गेली की नांगर वर उचलला जातो, मग तो पाच किलोचा का असेना. म्हणून दीड किलोपर्यंतचा नांगर, त्यापुढे मीटरभर साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या पाचपट दोरी. चार मीटर पाण्यात वीस मीटर दोरी सोडायची. जवळ सहा मिलिमीटर जाडीची तीस मीटर असावी. साखळीचं काम दोरीचं टोक तळाला दाबून ठेवायचं आहे, म्हणून ती वगळू नये.

दुकानात सर्रास मिळतो तो चार पाकळ्यांचा घडीचा नांगर. तो खडकात धरतो, पण कोकणातल्या खाड्यांचा तळ बहुतेक ठिकाणी चिखल आहे आणि मऊ चिखलात तो नुसता घसरत येतो. चिखलासाठी रुंद पात्याचा, पंजासारखा नांगर घ्या. दीड मीटरपेक्षा उथळ चिखलात नांगराची गरजच नाही: अडीच मीटरची बांबूची काठी तिरकी खुपसायची आणि तिला आखूड दोरी लावायची. एवढ्या स्वस्त गोष्टीकडे लोक दुर्लक्ष का करतात, कळत नाही.

नांगराला साखळी कुठे जोडायची? वरच्या कडीला नाही. साखळीचं टोक पात्यांच्या बाजूला, नांगराच्या बुडाशी शॅकलने (स्क्रूने बंद होणाऱ्या कडीने) पक्कं करा, साखळी दांड्याला समांतर वर आणा आणि वरच्या कडीला एका बारीक प्लास्टिकच्या झिप टायने बांधा. एरवी ओढ वरच्या कडीवर येते आणि नांगर नेहमीसारखा धरतो. तो खडकात किंवा मुळांत अडकला की दोरीला जोराचा हिसका द्या. टाय तुटतो, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा निघून येतो. निघताना दहा-बारा टाय जवळ ठेवा.

आता खरी धोक्याची जागा. नांगराची दोरी कयाकच्या मध्यावर, हाताशी असलेल्या कड्याला बांधायचा मोह होतो. वाहत्या पाण्यात हे कधीही करू नका. दोरीने मध्यावर धरलं की कयाक प्रवाहाला आडवी होते, पाणी तिच्या पूर्ण लांबीवर दाबतं, दोरी तीच वरच्या अंगाची कड खाली खेचते आणि त्या कडेवरून पाणी आत येतं. पुढे उलटायला क्षण लागतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणजे जी बांधणी पहाटे पाणी थांबलेलं असताना बरी वाटली, तीच तासाभराने ओहोटी लागल्यावर कयाक उलटवते.

दोरी नेहमी टोकाला हवी, पण बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही. त्यासाठी कयाकच्या एका बाजूने पुढे एक कप्पी, मागे एक कप्पी आणि त्यांतून फिरणारी दोरीची माळ, माळेत एक कडी. नांगराची दोरी या कडीतून ओवायची आणि माळ ओढून कडी टोकाला न्यायची. हे घरी दोन तासांत बसवता येतं.

टाकण्याचा क्रम असा. नाक प्रवाहाकडे करून जागेच्या वरच्या अंगाला जा. नांगर भिरकावू नका, हाताने सोडत तळाला टेकवा. कयाक प्रवाहाबरोबर मागे जाऊ द्या आणि दोरी सैल सोडत राहा. दोरी सैल असतानाच कडी टोकाला न्या. मगच, आणि मगच, दोरी खाचेत (हाताशी बसवलेल्या क्लीटमध्ये) अडकवा. नवख्याने टोक पुढचंच निवडावं. मागच्या टोकाला बांधलं तर तोंड प्रवाहाच्या दिशेला राहून गळ टाकायला सोयीचं पडतं, पण मागून आलेली लाट सरळ मांडीत येते.

दोरीच्या उरलेल्या टोकाला एक लहान तरंगता बोया बांधलेला असू द्या. मोठा मासा लागला किंवा बोट अंगावर येऊ लागली की दोरी खाचेतून काढून बोयासकट सोडून द्यायची, नंतर येऊन उचलायची. बोथट टोकाचा चाकू लाइफ जॅकेटवरच हवा. डब्यात ठेवलेला चाकू ऐनवेळी सापडत नाही.

नांगर काढताना जास्त घात होतो, कारण तेव्हा माणसाला घाई असते. प्रवाहाविरुद्ध पॅडल मारत नांगराच्या डोक्यावर या, दोरी पूर्ण सैल पडू द्या, मग कडी मध्याकडे आणा आणि उचला. ताण असताना बाजूने वाकून ओढलं की मध्यावर दोरी बांधल्यासारखंच होतं. येत नसेल तर बोयासकट सोडा आणि पाणी थांबलं की या. नांगर पुन्हा विकत मिळतो.

पाणी किती जोरात असलं की नांगर टाकूच नये? जाळ्यांच्या खुंटांकडे बघा. खुंटाच्या वरच्या बाजूला पाणी चढलेलं आणि खालच्या बाजूला फेसाची शेपूट दिसत असेल तर नांगर टाकू नका, काठाकडच्या मंद पाण्यात जा. त्या खुंटांना कयाक बांधूही नका. ते कोळ्यांच्या डोल जाळ्यांचे असतात, खाली जाळं पसरलेलं असतं आणि तुमच्या नांगराने फाटलं तर त्यांचा हंगाम बुडतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे या फेरीबोटींच्या मार्गावरही नांगर नको.

मासा लागल्यावर

पुलाच्या खांबांची सावली आणि ओढ्याचं तोंड, जिथे ओहोटीला लहान मासे बाहेर येतात, तिथे जिताडा आणि तांबोशी. गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून तळालगत येऊ द्या. मासा शेजारी आणताना रॉड टोकाकडे वळवा, तुमचं डोकं कयाकच्या कडेबाहेर जाऊ देऊ नका.

शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पक्कडीने गळ काढा. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असतं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत चला, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट निघून जातं.

जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मीटरभराचा मासा पाण्यातच गळ काढून सोडावा, मधल्या आकाराचा एखादा ठेवावा.

परतल्यावर रील, कप्प्या आणि साखळी गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवा. रीलवर पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, मीठ त्याने बेअरिंगमध्ये ढकललं जातं. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करून हलक्या धारेखाली धुवायचं, मग ड्रॅग पूर्ण सैल करून वाळवायचं.